संत योहान: तिकडे आगीत, इकडे विहिरीत

जून संपत आला की एक व्हिडिओ दरवर्षी फिरतो. समुद्रकिनारा, लांबलेली संध्याकाळ, लाकडांचा मोठा ढीग पेटलेला, भोवती गोरी माणसं गाणी म्हणतायत आणि आगीच्या टोकावर झाडू धरलेली एक बाहुली जळतेय. खाली ओळ ठरलेली: "बघा, डेन्मार्कमध्येही होळी साजरी होते! आपली संस्कृती जगभर होती." यंदा आमच्या काशीमीऱ्याच्या दोन सोसायट्यांच्या ग्रुपवर आणि एका नातेवाइकांच्या ग्रुपवर, अशा तीन ठिकाणी तो मला आला. तिन्ही ठिकाणी लोकांनी हात जोडले, पुढे पाठवला.

होळीशी नातं जोडायला माझी हरकत नाही. पण ती होळी नव्हे, आणि ती बाहुली होलिकाही नव्हे. ते काय आहे हे कळलं तर त्याचं आपल्याशी असलेलं खरं नातं दिसतं, आणि ते होळीपेक्षा कितीतरी जवळचं आहे. घोडबंदरच्या खाडीइतकं जवळचं म्हणा ना. म्हणून ही लांबण. वेळ असेल तेव्हा वाचा.

डेन्मार्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फारसं काही येत नाही. वास्तविक यायला हवं. मुंबईत १९३८ साली हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी जी भागीदारी सुरू केली तीच आपली एल अँड टी. तर त्या देशात २३ जूनच्या रात्रीला 'सांक्ट हान्स'ची रात्र म्हणतात. हान्स म्हणजे योहान. येशूला यार्देन नदीत बाप्तिस्मा देणारा संत योहान, इंग्रजीतला जॉन द बाप्टिस्ट. २४ जून हा त्याचा जन्मदिवस आणि आदल्या रात्री आग. गावोगाव, समुद्रकाठी, तळ्याकाठी. मुलं काठीला कणकेची गुंडाळी करून निखाऱ्यावर पाव भाजतात. होल्गर ड्राकमान या कवीनं १८८५ साली एका नाटकासाठी लिहिलेलं गाणं सगळे मिळून म्हणतात. आणि आगीपाशी एक भाषण होतं. हो, भाषण! गावातला कुणी मान्यवर, पुष्कळदा राजकारणी, उभा राहून चार शब्द बोलतो. आपल्याकडे दहीहंडीच्या स्टेजवर जे चालतं त्याचं जरा शांत रूप. हे वाचल्यावर तो देश मला एकदम ओळखीचा वाटला.

आता तारीख. लूकच्या शुभवर्तमानात म्हटलंय की योहानाची आई अलीशिबा ही मरियेच्या सहा महिने आधी गरोदर होती. म्हणून नाताळ २५ डिसेंबर, तर योहान सहा महिने आधी, २४ जून. एक हिवाळ्यात सूर्य वळतो तेव्हा, दुसरा उन्हाळ्यात वळतो तेव्हा. संत ऑगस्टिननं पाचव्या शतकात यातून अर्थही काढला: योहानाच्या जन्मानंतर दिवस लहान होत जातात, ख्रिस्ताच्या जन्मानंतर मोठे. उत्तरेकडे याला फार वजन आहे. डेन्मार्कमध्ये जूनच्या त्या आठवड्यात दिवस साडेसतरा तासांचा असतो. रात्री दहाला सूर्य मावळतो, तरी उजेड रेंगाळतोच. हिवाळाभर अंधारात काढलेल्या माणसांना त्या रात्री घराबाहेर पडून आग पेटवावीशी वाटली, तर त्यात नवल ते काय?

आता हाच संत कोकणात उतरतो तेव्हाची गंमत बघा.

आपल्याकडे २१ जूनला दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. सूर्य डोक्यावर येण्याचे काशीमीऱ्याचे दिवस दोन, एक मेच्या मध्यावर, दुसरा जुलैच्या अखेरीस. मधल्या काळात तो आपल्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे २४ जूनला भर दुपारी तुमची सावली दक्षिणेला पडते. पडते म्हणायचं आपलं, कारण सूर्य दिसायला तर हवा! गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, मुंबईला साधारण अकरा तारखेच्या आसपास. चोवीस तारखेपर्यंत सगळं भिजून चिंब. लाकडं ओली, अंगण ओलं, पागोळ्या सुरू. कसली आग पेटवता?

पोर्तुगीज मात्र हा सण आगीसकटच घेऊन आले असणार. त्यांच्याकडे तो आजही आगीचा आहे. पोर्तो शहरात २३ जूनची रात्र म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. रस्त्यावर आगट्या पेटतात, त्यावरून पोरं उड्या मारतात, आकाशात कागदी दिवे सोडतात. तो संत गोव्याला आला आणि विहिरीत पडला. गोव्यात त्याचं नाव सांजांव. २४ जूनला डोक्यावर पानाफुलांचा, वेलींचा, कधी फळं खोवलेला मुकुट घालायचा, त्याला म्हणतात कोपेल. घुमट वाजवत घरोघर फिरायचं आणि गावातल्या विहिरींत, तळ्यांत, ओढ्यांत धडाधड उड्या टाकायच्या. 'व्हिवा सांजांव'चा गजर. कुणी फळं देतं, कुणी फेणी.

उडीचा अर्थ लोक असा सांगतात: मरिया अलीशिबेला भेटायला गेली तेव्हा अलीशिबेच्या पोटातलं बाळ आनंदानं उसळलं, असं लूकच्या पहिल्याच अध्यायात आहे. ते उसळणं म्हणजे ही उडी आणि विहीर म्हणजे आईचं उदर. शिवाय योहान पाण्यानंच बाप्तिस्मा द्यायचा. अर्थ चपखल आहे. मला मात्र यात धर्मशास्त्राच्या आधी पावसाचा हात दिसतो. मे महिन्यात तळाला गेलेल्या विहिरी याच सुमारास पहिल्यांदा भरतात. पोरं काय, संत असो नसो, उडी मारणारच. आपल्या गावाकडे विहिरीला पाणी चढलं की काय करायचो आपण?

म्हणजे मूळ सण आगीचा, कोकणानं त्याला पाण्याचा केला, इतकं सरळ आहे का? मीही आधी तसंच समजत होतो. पण जरा मागे गेलं की ही रेघ पुसट होते. ज्या ऑगस्टिनचा वर उल्लेख केला, तो उत्तर आफ्रिकेतला बिशप. आपल्या एका प्रवचनात तो लोकांवर चिडलाय: योहानाच्या सणाला तुम्ही समुद्रावर जाऊन अंघोळी काय करता, ही जुनी अधर्मी रीत सोडा. पाचव्या शतकातली गोष्ट आहे ही! पोर्तुगालचा तेव्हा पत्ताही नव्हता. आणि खुद्द डेन्मार्कमध्ये कित्येक शतकं या रात्रीचं मुख्य काम होतं ते पवित्र झऱ्यांवर जाण्याचं. योहानाच्या रात्री झऱ्याच्या पाण्याला गुण येतो, आजार बरे होतात, अशी श्रद्धा. आजारी माणसं मैलोन् मैल चालत यायची, रात्रभर थांबायची. मग भोवती दुकानं लागली, खेळ आले, जत्रा भरली. कोपनहेगनजवळच्या जंगलात 'बाकेन' नावाचं करमणुकीचं उद्यान आहे. पाळणे, झुले, खाणंपिणं. ते आपला जन्म १५८३ सालचा सांगतं, म्हणजे तिथे एक गुणकारी झरा सापडला तेव्हापासूनचा. आपली वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं आठवली की नाही? आधी पाणी, मग श्रद्धा, मग भजी.

तेव्हा आग आणि पाणी दोन्ही या संताबरोबर पहिल्यापासून होतं. उत्तरेत पुढे आग उरली, झरे मागे पडले. दक्षिणेत पाऊस होता, तिथे पाणी उरलं. हवामान आडवं आलं की आजही काय होतं ते बघा. २०२३ च्या जूनमध्ये डेन्मार्कला पाऊसच झाला नाही, गवत वाळून कोळ झालं, आणि कितीतरी गावांत सांक्ट हान्सच्या आगीवर बंदी आली. आपल्याकडे पाऊस आल्यामुळे आग पेटत नाही, त्यांच्याकडे न आल्यामुळे!

गोव्यातल्या शिवोलीची सांजांव ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एकदा जरूर पाहावी. बार्देशातल्या शापोरा, हणजूण, बादें, आसगांव अशा गावांतून सजवलेल्या होड्या नदीनं शिवोलीला येतात. एकोणिसाव्या शतकापासूनची रीत. दोन होड्या जोडून केलेल्या तराफ्याला सांगोड म्हणतात. जूनमध्ये समुद्र खवळलेला, मासेमारी बंद, होड्या रिकाम्या, माणसं रिकामी. मग त्याच होड्या नदीत आणून नाचायचं. हे आमच्या उत्तन-पाली-चौकच्या कोळीवाड्यांना समजावून सांगायची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, जाळी शिवणं चाललेलं, आणि नारळी पौर्णिमेची वाट. समुद्र बंद असतानाच समुद्रावरच्या माणसांचे सण येतात.

आणि जावई! सांजांव हा नव्या जावयाचा सण. लग्नानंतरच्या पहिल्या सांजांवला जावई सासरी जातो, मान घेतो, जेवतो, आणि गावची पोरं त्याला विहिरीत ढकलतात किंवा तोच उडी मारतो. आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला धोंडे जेवायला बोलावतात तो थाट वेगळा, पण मूळ गोष्ट तीच: लेक दिलेल्या घराशी नातं ताजं ठेवायचं. योहानाच्या कथेत जावई कुठेच नाही. तो कोकणानं घातला. डेन्मार्कच्या सांक्ट हान्सला सासू-सासऱ्यांशी काही कर्तव्य नाही.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता काशीमीऱ्याकडे या.

आपण राहतो ती साष्टी. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ च्या तहात वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, आणि घोडबंदर, काशी, मिरे, भाईंदर, उत्तन, डोंगरी हा सगळा पट्टा दोनशे वर्षं त्यांच्याकडे होता. १७३७ ला मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. किल्ल्यावरचा झेंडा बदलला. माणसं तीच राहिली. इथले ख्रिस्ती म्हणजे मूळचे इथलेच कोळी, कुणबी, आगरी, भंडारी. घरात मराठीच बोलणारे. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाची पन्नाशी आली तेव्हा त्यांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, गोव्याहून नोकरीला येणाऱ्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, मूळचे इथले, हे सरकारला कळावं म्हणून. 'मूळचे' दाखवायला इंग्रजांच्या कंपनीचं नाव, हा इतिहासाचा विनोद आहे खरा. पण पोटापाण्याचा प्रश्न होता, मी हसणार नाही.

या संताच्या खुणा आपल्या आजूबाजूला आहेत. ठाण्याला मासुंदा तलावाकाठी जे जुनं चर्च आहे ते संत योहान बाप्तिस्ताचंच. तळ्याकाठी पाण्याचा संत, कसं छान जमलंय. अंधेरीला सीप्झच्या कुंपणाच्या आत एक पडकं चर्च आहे, १५७९ सालचं, तेही याच योहानाचं. १८४० मध्ये साथ आली, गावकरी उठून मरोळला गेले आणि चर्च ओस पडलं. आज भोवती सॉफ्टवेअर आणि हिऱ्यांच्या कंपन्या, आत पाऊस झेलत उभ्या भिंती. घोडबंदर रोडनं ठाण्याला जाताना आणि हायवेनं अंधेरीला जाताना आपण या माणसाच्या घरांवरूनच जात असतो.

म्हणून म्हटलं, त्या व्हिडिओतला सण आपल्याला परका नाही. तो चारशे-साडेचारशे वर्षं या मातीत आहे, फक्त आपण त्याला ओळखत नाही. होळीचं शेपूट लावायची गरजच नव्हती.

आता बाहुलीकडे येतो. खरं तर लिहायला बसलो तो तिच्यासाठीच.

व्हिडिओत आगीवर जळते ती चेटकीण. जुने कपडे, पेंढा, डोक्याला रुमाल, हातात झाडू. आगीत तिला 'ब्लॉक्सब्येर्ग'ला पाठवतात, म्हणजे जर्मनीतल्या ब्रोकेन डोंगरावर, जिथे सगळ्या चेटकिणी सैतानाला भेटायला जमतात अशी समजूत. पोरं टाळ्या वाजवतात. काही जण बाहुलीत फटाके भरतात, म्हणजे ती किंचाळल्यासारखी वाटते.

लोकांना वाटतं, हजारो वर्षांची प्रथा असेल. नाही. आग जुनी आहे, बाहुली नवी आहे. एकोणिसावं शतक सरता सरता ती कुठे कुठे दिसू लागली आणि विसाव्या शतकात देशभर पसरली. म्हणजे आपला सार्वजनिक गणेशोत्सव आणि ती बाहुली साधारण एका वयाची. जुन्या काळी आग पेटवायचे ती चेटकिणींना दूर ठेवायला. चेटकीण करून जाळायला नव्हे.

पण त्याहून आधी, खऱ्या बायका जाळल्या गेल्या होत्या. सोळाव्या-सतराव्या शतकात डेन्मार्कमध्ये सुमारे एक हजार माणसांना जादूटोण्याच्या आरोपाखाली मारलं. बहुतेक बायका, बहुतेक गरीब, बऱ्याच म्हाताऱ्या. राजा क्रिस्तियान चौथा यानं १२ ऑक्टोबर १६१७ रोजी जादूटोण्याविरुद्ध फर्मान काढलं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत खटल्यांचा पूर आला.

हा क्रिस्तियान चौथा आपल्याला अगदीच अनोळखी नाही. त्यानंच १६१६ मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. १६२० ला त्याची जहाजं तमिळ किनाऱ्यावर पोचली आणि तंजावरच्या नायकाकडून तरंगमबाडी हे गाव घेऊन तिथे किल्ला बांधला. पुढे १६७० च्या दशकात तंजावर शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्याकडे आलं आणि डॅनिश लोक गावाचा वार्षिक खंड मराठी राजांना देऊ लागले. सरफोजीराजे दुसरे, ज्यांचं सरस्वती महाल ग्रंथालय आपण अभिमानानं सांगतो, त्यांना लहानपणी सांभाळणारा आणि शिकवणारा श्वार्ट्झ हा पाद्री या डॅनिश मिशनचाच, तरंगमबाडीलाच उतरलेला. एकाच राजाच्या कारकिर्दीत एक सही समुद्रापार पाठवणारी, एक सही चितेवर पाठवणारी.

रिबे हे डेन्मार्कमधलं सगळ्यात जुनं शहर. विटांची, लाकडी चौकटींची बुटकी घरं, दगडी गल्ल्या, मधोमध मोठं कॅथेड्रल. तिथे मारेन स्प्लिड नावाची बाई होती. शिंप्याची बायको, खाऊनपिऊन सुखी घर. १६३७ मध्ये दुसऱ्या एका शिंप्यानं तक्रार केली की रात्री तिनं माझ्यावर जादू केली, मला उलटी झाली आणि त्यात विचित्र वस्तू पडली. धंद्यातली असूया होती की काय, तुम्हीच ठरवा. स्थानिक कोर्टात ती सुटत होती. पण प्रकरण राजापर्यंत गेलं, तिला कोपनहेगनला नेलं, छळ झाला, तिच्याकडून आणखी बायकांची नावं काढून घेतली. ९ नोव्हेंबर १६४१ रोजी रिबेमध्ये तिला शिडीला बांधून आगीत लोटलं. डेन्मार्कमध्ये कायद्यानं चेटकीण ठरवून शेवटची शिक्षा झाली ती १६९३ मध्ये आन पालेस या म्हाताऱ्या बाईला. आधी डोकं उडवलं, मग देह जाळला.

त्याच रिबेमध्ये २०२० साली चेटकीण-खटल्यांचं एक संग्रहालय उघडलं. डेन्मार्कमध्ये आता लोक विचारू लागलेत: आपण दर २३ जूनला मुलांना घेऊन नेमकं काय जाळतो? काही ठिकाणी आग पेटते, गाणं होतं, भाषण होतं, बाहुली नसते. काही जण चिडतात: गंमत आहे, परंपरा आहे, कशाला उकरून काढता? हा वाद ओळखीचा वाटला तर दोष माझा नाही.

आता कुणी म्हणेल, हे युरोपियनांचं पाप, आपल्याला काय? तर तीच आग इथेही आली होती. मुंबई बेट पोर्तुगीज काळात एका माणसाला पट्ट्यानं दिलेलं होतं, गार्सिया दा ऑर्ता त्याचं नाव. वैद्य, वनस्पतींचा जाणकार. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. आंबा, फणस, हळद, कॉलरा, हिंदू वैद्य आणि मुसलमान हकीम, सगळ्यांबद्दल त्यानं लिहिलंय. घारापुरीच्या लेण्यांबद्दलही. त्याचं घराणं मूळ ज्यू, जबरीनं ख्रिस्ती केलेलं. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, १५६९ मध्ये, त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशननं छुपी ज्यू म्हणून जिवंत जाळलं. आणि १५८० मध्ये ऑर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. मेलेल्या माणसाला शिक्षा! हे न्यायालय १५६० मध्ये सुरू झालं आणि १८१२ पर्यंत टिकलं. आपली साष्टी-वसईही, पोर्तुगीज होती तोवर, त्याच्याच अधिकारात होती.

गोव्यातल्या काही गावांत सांजांवच्या आदल्या रात्री पोरं गवताचा पुतळा करतात, काठ्यांनी बडवतात आणि जाळतात. म्हणजे पावसातही थोडी आग उरलीच. त्या पुतळ्याचं नाव जुदेव. आता नाचणाऱ्या पोरांना विचारलंत तर ती सांगतील, वाईट प्रवृत्तीचं दहन. बरोबरच आहे, त्यांच्या मनात तेवढंच असतं. पण पोर्तुगीजमध्ये 'जुदेव' या शब्दाचा अर्थ आहे ज्यू. डेन्मार्कच्या बाहुलीत मारेन स्प्लिड आहे, तर या पुतळ्यात कातारिना आहे. जाळणाऱ्यांना ठाऊक नाही, ही गोष्ट वेगळी.

कोकणातल्या आपल्या शिमग्याकडे या नजरेनं बघा. होळीच्या मधोमध काय असतं? झाड. कुठे माड, कुठे पोफळ, कुठे आंबा, कुठे सावर. वाजतगाजत आणलेलं, उभं केलेलं, पूजलेलं. पुतळा नसतो. होलिकेची गोष्ट आपण सांगतो, पण गावहोळीत बाईची बाहुली करून ठेवत नाही. मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींत पुतळे जाळतात ते त्या वर्षी गाजलेल्या घोटाळेबाजांचे. तिथे निदान ज्याला जाळतायत तो पळून जाऊन परदेशात मजेत असतो.

पण जिवंत बाईला 'ती' ठरवण्याचा धंदा आपल्याकडे संपलेला नाही. आपल्या ठाणे-पालघरच्या पाड्यांवर शब्द आहे 'भुताळी'. नंदुरबारकडे 'डाकीण'. मूल दगावलं, गाय मेली, ताप उतरत नाही, की भगत कुणाकडे तरी बोट दाखवतो. बोट बहुधा विधवेकडे, एकट्या म्हातारीकडे, किंवा जिच्या नावावर तुकडाभर जमीन आहे तिच्याकडे वळतं. रिबेच्या शिंप्याचीच गोष्ट, फक्त शिंपी नाही. मग मारहाण, वाळीत टाकणं, गाव सोडायला लावणं, कधी खून. काशीमीऱ्याच्या डोंगराच्या कुशीतही आदिवासी पाडे आहेत, आणि हायवेच्या या बाजूच्या टॉवरमध्येही करणी, भानामती, उतारे हे शब्द काही परके नाहीत. शिकलेली माणसं ते इंग्रजीत बोलतात, 'निगेटिव्ह एनर्जी' म्हणतात, एवढाच फरक.

महाराष्ट्रानं यावर २०१३ मध्ये कायदा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं तो मागत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, भुताळी आहे असं भासवून तिला त्रास देणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय पाच ते पन्नास हजार दंड. डेन्मार्कच्या राजानं १६१७ मध्ये चेटकिणीविरुद्ध कायदा केला, आपण २०१३ मध्ये चेटकीण ठरवणाऱ्याविरुद्ध केला. कायद्याच्या बाबतीत तरी आपण बरोबर बाजूला आहोत. अंमलबजावणीवर पुन्हा कधी तरी, तो विषय वेगळा आणि लांब आहे.

'परंपरा आहे' हा शब्द आला की चर्चा बंद होते, म्हणून हे सगळं लिहिलं. सांक्ट हान्सची आग झऱ्यावरून किनाऱ्यावर आली, बाहुली शे-सव्वाशे वर्षांपूर्वी बसवली गेली, आता काही जण ती काढतायत. डेन्मार्कनं १७७० मध्ये या दिवसाची सुट्टीही रद्द केली होती, सण तरी राहिला. धर्मसुधारणेनंतर १५३६ पासून तिथे संतांची पूजाच बंद झाली, तरी हान्सचं नाव राहिलं. गोव्यानं आगीच्या जागी विहीर धरली आणि जावई आणला. आता तिथे दर जूनला सूचना निघतात की दारू पिऊन विहिरीत उतरू नका, आधी खोली बघा, कारण उड्यांमध्ये जीव गेलेत. कुणी म्हणत नाही की यामुळे सांजांव बुडाली.

तर तो व्हिडिओ तुमच्याकडेही येईल. पुढे पाठवणार असाल तर खुशाल पाठवा, आग देखणी आहे. फक्त 'डेन्मार्कची होळी' खोडा आणि त्या जागी लिहा: ही संत योहानाची रात्र. याच संताची सांजांव गोव्यात विहिरीत उड्या मारून साजरी होते आणि त्याचं जुनं चर्च ठाण्याला तलावपाळीवर आहे. आणि ती वरची बाहुली बाईची का आहे, असं कुणी विचारलं तर त्यांना मारेन स्प्लिडचं नाव सांगा. शिंप्याची बायको, रिबे, १६४१.